हद्दीवरची नऊ झाडं

३ नोव्हेंबर
आमचं घर आणि शेजारचा बंगला यांच्या मधली नऊ झाडं माझ्या जागेत आहेत. कागदपत्रं कपाटात आहेत. तरी आज शेजाऱ्याने सरपणासाठी एक पाडलं. गल्ली त्याला ‘मालक’ म्हणते. अरे, जागेचा मालक मी! उद्या चांगला फैलावर घेतो.

४ नोव्हेंबर, सकाळी ८
गेलो. त्याने आधी चहा पाजला. मग म्हणाला, बरं झालं आलात, जरा दोर धरा. धरला. झाड पडत असताना भांडण काढणं डेंजरस. राहिली सात.

७ नोव्हेंबर
बायको म्हणते, ही झाडं होती म्हणून हे घर घेतलं, नाहीतर त्याच्या खिडकीतून आपलं सगळं घर दिसेल. तुम्हाला काही वाटतं की नाही? वाटतं ना. प्लॅन तयार आहे. उरलेल्या झाडांना लाल पट्टे मारायचे. लाल म्हणजे खबरदार! शहाण्याला शब्दाचा मार.

८ नोव्हेंबर
सातही रंगवली. हात भरून आले. मालक कुंपणाशी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. चकार शब्द नाही. टरकला!

१० नोव्हेंबर
ऑफिसातून आलो तर पाच गेलेली. लाकूडतोड्या म्हणाला, साहेब, लाल पट्टा म्हणजे तोडायचं झाड, आमच्या धंद्यात हीच खूण. मालकांनी आम्हाला सांगितलंय, खुणा तुम्हीच करून दिल्यात. दोन राहिली. उद्या रजा टाकून झाडाला पाठ लावून उभा राहणार. बघू कोण हलवतो.

११ नोव्हेंबर
सर्दी. झोपून होतो. करवतीचा आवाज दुपारी थांबला.

१३ नोव्हेंबर
मालक फाटकाशी भेटला. हसून म्हणाला, वहिनी हल्ली ताटावर बसून रडतात, जपा त्यांना. घरी सांगितलं. बायकोने खिडकीला चादर लावली.

१६ नोव्हेंबर
मालक बेल न वाजवता आत आला. चादर काढा म्हणे, आम्हाला काहीच दिसत नाही. मी कडक आवाजात सांगितलं, विचार करतो.

१७ नोव्हेंबर, सकाळी १०
बायको बॅग भरून बहिणीकडे गेली. परत कधी, विचारलं तर खिडकीकडे बोट दाखवलं.

चादर मी काढली. घाबरून नव्हे. उजेड खरंच छान येतो, लिहायला बरं पडतं. तो समोरच्या खिडकीत उभा आहे. हात केला. मीही केला. आता वही जरा त्याच्याकडे वळवा म्हणून खुणावतोय. वळवतो. माझं अक्षर बारीक आहे, एवढ्या लांबून काय वाचणार?