भाड्याचे पाय

१९ ऑगस्ट

आज तोंड कुठे लपवू असं झालंय. कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुझ्याशी बोलते. माझ्या नातीने, बोरमने, शिकवून ठेवलंय — हिरवं बटण दाबायचं, दिवसभरात घडलं ते बोलायचं, की मोबाइल आपला लिहून घेतो, वर तारीखही घालतो. लिहिलेलं मला वाचता येत नाही. बरंच आहे. माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

तर सकाळी मुखिया प्योने गावच्या भोंग्यावरून पुकारा केला. हूपोवाली आजींच्या नातीचं नवं गाणं आलं आहे, सर्वांनी बैठकघरात यावं, कलिंगड कापलेलं आहे. हूपोवाली म्हणजे मी. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, इथे सगळ्याच बायकांना तशीच, खरं नाव माझं मलाच आठवावं लागतं. गावाच्या तोंडाशी दोन पाइनच्या मध्ये बोरमच्या नावाचं लाल कापड आठवडाभर फडकतंय. मोठाली पिवळी अक्षरं. त्यात 'हूपोवालीची नात' असंही आहे म्हणे. मी रोज उगाच त्या वाटेने भाजी आणायला जात होते. भाजी परसात असताना.

सगळ्या म्हाताऱ्या पंख्याखाली मांडी घालून बसल्या. मी पुढे. मान ताठ. आईविना पोर, बाप उल्सानच्या बंदरात कामाला, मी वाढवली — एवढा ताठा शोभतो की माणसाला.

टीव्हीवर गाणं लागलं. पाच मुली, त्यात आमची एक. पाचही ओल्याचिंब. पाऊस नाही, समुद्र नाही, कुणी पोहलेलं नाही, तरी ओल्या. अंगावर कपडा म्हणावा तर मी घरात भांडी पुसायला त्याहून मोठा घेते. मध्ये खुर्चीत एक माणूस बसलाय. त्याला मात्र कोट, आत सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. त्याला थंडी वाजत असावी. आणि आमची बोरम हातापायांवर रांगत त्याच्याकडे निघालेली!

रांगायला मी तिला याच बैठकघरात शिकवलं होतं.

कलिंगड चावल्याचा तेवढा आवाज. मग शेजारची योंगदोकवाली म्हणाली, "पोरगी वाळलीय गं फार." चांगली आहे ती, दुसरं काय बोलणार बिचारी. मुखिया प्यो मात्र म्हणाला, "नीट दिसलं नाही, परत लावू या का?" आणि परत लावलं. मी तिथेच बसून राहिले. उठले असते तर लाज वाटली असं दिसलं असतं. बसले, तरी दिसलंच.

२० ऑगस्ट

ते लाल कापड उतरवून घेतलं. म्हटलं, वादळ येणार आहे, उगाच फाटेल. मुखियाने वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. "कुठून येणार आहे वादळ, हूपोवाली?" म्हटलं, "गुडघे दुखतायत माझे, त्यांना कळतं." शिडी आणली त्याने.

२१ ऑगस्ट

बैठकघरात गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय. आता खरंच दुखायला लागले.

२३ ऑगस्ट

दार लावून घेतलं आणि ते गाणं एकटीने पाहिलं. बोरमनेच माझ्या फोनवर घालून दिलं होतं. "आजी, बघ हं," म्हणाली होती. बघते की.

जन्मभर बाजारात मासे कापले मी. त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. या गाण्यात बाई अख्खी अशी दिसतच नाही. आधी पाय. मग कंबर. मग ओठ. मग खांदा. पुन्हा पाय. गिऱ्हाईक जसं म्हणतं ना, डोकं नको, पोटाकडचं द्या — तसं. डोकं दिसलं तरी डोळे मिटलेले. पाच मुली एका खोलीत आहेत, पण एक दुसरीशी अवाक्षर बोलत नाही, कुणी कुणाकडे बघतही नाही. आम्ही पाच जणी मासे चिरायला बसायचो तर मालक ओरडायचा, तोंडं बंद करा म्हणून. खुर्चीतला तो कोटवाला मात्र पायापासून डोक्यापर्यंत सबंध दिसतो. त्याला कुणी कापलेलं नाही.

परत लाज वाटली. कुणाची वाटली, ते नीट सांगता येणार नाही. बोरमचीच वाटली म्हण.

२४ ऑगस्ट

अगं बाई! तो पाय तिचा नाहीच!

आज पुन्हा पाहिलं, आणि डावा पाय येतो तिथे बोट ठेवून चित्र थांबवलं. बोरमच्या डाव्या पोटरीवर खूण आहे. लहानपणी धक्क्याच्या दगडांवर पडली, कालवाचा शिंपला घुसला, कोयत्यासारखा वाकडा व्रण राहिला. किती रडली होती. मी माझी हनुवटी दाखवली होती तिला — इथे माझाही व्रण आहे, बाजारात सुरी निसटली त्याचा. म्हटलं होतं, "आता आपण दोघी खुणेच्या. हरवलीस तरी सापडशील मला."

आणि या पायावर काही नाही. उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

तशीच चपला घालून बैठकघरात गेले. म्हटलं, बायांनो, तोंड आमचं आहे, पाय भाड्याचे आहेत! सगळ्या पडद्याला चिकटल्या. योंगदोकवालीने बोरमची पोटरी लहानपणी कितीदा धुतलीय, ती म्हणाली, "खरंच की गं. हा पाय दुसरीचा." टीव्हीवरच्या मालिकेत नाही का, घोड्यावर बसायला दुसराच माणूस आणतात. तसंच. ज्या पोरींना लाजलज्जा नाही त्यांचे पाय आणायचे आणि आमच्या मुलींची तोंडं लावायची.

मग काय हसलो आम्ही. त्या पायवालीला मी सोडली नाही. कुठली असेल, कुणाच्या घरची असेल, घरी एखादी म्हातारी आहे की नाही कान धरायला. तिची रांगायची नक्कलसुद्धा केली मी, गुडघे दुखत असताना. योंगदोकवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

लाल कापड परत लावलं. मुखिया म्हणाला, "टळलं वाटतं वादळ."

२५ ऑगस्ट

बोरमचा फोन. त्यांच्या गाण्याच्या कंपनीत रविवारीच फोन हातात देतात. मी आधी जरा चिडवली, मग म्हटलं, "कळलं बरं का मला. पाय तुझे नाहीत ते."

ती म्हणाली, "काय?"

म्हटलं, "आजीला फसवतेस होय? तुझी खूण मी आंधळी झाले तरी चाचपून ओळखीन. ज्या मुलीचे आहेत ना, तिला माझा निरोप सांग. म्हणावं, अंगभर कपडा घाल. घरी एखादी आजी असेल तर तिला तोंड वर करून चालता येत नसेल."

तिकडे कुणीतरी आकडे मोजत होतं, नाचाचे.

मग म्हणाली, "बरं आजी. सांगते तिला."

गुणाची पोर. दुसऱ्यावर चिखल उडवायला नको वाटतं तिला.

३ सप्टेंबर

शहरातून फोटोवाला आला होता, आम्हा म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो काढायला. म्हणजे मेल्यावर फुलांच्या मध्ये ठेवतात तो. आधीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. योंगदोकवालीने तर लिपस्टिक लावली. म्हटलं, "तिकडे गेल्यावर नवऱ्याने ओळखलं नाही म्हणजे?" तर म्हणते, "म्हणूनच लावलीय."

फोटोवाला मला म्हणाला, "आजी, हसू नका एवढं." म्हटलं, माझ्या मातीला येणाऱ्यांनी रडत परत जायचं का रे मग.

१६ सप्टेंबर

बोरम आली! उद्या चुसोकचा सण, पितरांचं पान मांडायचं. तीन दिवसांची सुटी दिलीय. कापडाखाली तिचा फोटो काढायचा म्हणून मी थांबवली तर म्हणाली, "नको गं आजी, उन्हाने डोळे मिटतायत." ऊन कुठलं, ढग होते. माझ्यावर गेलीय, आभाळाबद्दल खोटं बोलते.

दुपारी दोघी तांदळाच्या करंज्या वळायला बसलो. उकाड्यात लांब विजार घालून बसली होती. मी म्हटलं, "वर कर, वारा लागू दे," आणि मीच ओढली वर. होती खूण. कोयत्यासारखी, जागच्या जागी. मी पिठाच्या हातानेच तिच्यावर बोट फिरवलं. म्हटलं, "बघ! सगळ्या गावाला सांगितलंय मी. आमची खुणेची आहे म्हणून."

ती वळत होती ती करंजी फुटली. दुसरी घेतली.

थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, ती मुलगी इथे आली असती तर?"

"कोण मुलगी?"

"ती गं. पायवाली. चुसोकला घरी आली असती. तर तिच्या आजीने काय केलं असतं?"

मी म्हटलं, "काय करायचंय? मीठ मारलं असतं दारातून." आम्ही नकोसा माणूस गेला की उंबऱ्याबाहेर मीठ भिरकावतो, पुन्हा येऊ नये म्हणून. मी हात उचलून दाखवलंसुद्धा, मूठभर पीठ घेऊन. फेकलं तिच्या अंगावर, गंमत म्हणून.

हसली. केसांत, भुवईवर पीठ, आणि हसतेय. तिला हसवणं मला अजून जमतं.

१७ सप्टेंबर

पान झालं. बोरमने आईच्या फोटोपुढे वाकून नमस्कार केला, आणि बराच वेळ कपाळ जमिनीला टेकवून राहिली. मी म्हटलं, "झोप लागली का गं?" जेवताना म्हणाली, तालीम आहे, आजच निघावं लागेल. सुटी अजून होती. मी विचारलं नाही. मोठ्या कंपनीतली माणसं, त्यांना सवड कुठली.

१८ सप्टेंबर

करंज्या आणि तिळाच्या पानांचं लोणचं बांधून ठेवलं होतं तिच्यासाठी, डबा दाराशीच राहिलाय. विसरली. नेहमी मी विसरते, ती नाही.

२२ सप्टेंबर

रविवार. फोन नाही.

२६ सप्टेंबर

फोटोवाला चौकटी घेऊन आला. एकेकीच्या हातात ठेवत गेला. योंगदोकवाली तर पन्नाशीची दिसतेय, खूश आहे. माझा मी हातात घेतला. बाई बरी आहे. पण मी नाही. हनुवटी कोरी. व्रण नाही.

मी म्हटलं, "हा कुणाचा दिलास रे? मेल्यावर मला दुसरीच्या फुलांत बसवतोस काय?"

तो हसला. "तुमचाच आहे, आजी. डाग होता तो काढून टाकला."

"कुणाला विचारून?"

"सगळ्यांचेच काढतो. विचारावं काय लागतं त्यात, क्षणाचं काम." मग माझी समजूत घालायला म्हणून म्हणाला, "आता तर हलत्या चित्रातलेही काढतात. तुमच्या नातीच्या गाण्यांत बघा ना. तीळ, व्रण, काही ठेवत नाहीत. अशा गुळगुळीत मुली असतात का कुठे खऱ्या?"

बैठकघरात पंखा फिरत होता. सगळ्या आपापल्या तोंडांकडे बघत होत्या. फक्त योंगदोकवालीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

घरी कशी आले आठवत नाही. तेव्हापासून त्या परक्या हनुवटीकडे बघत बसलेय.

म्हणजे 'सांगते तिला' म्हणाली तेव्हा. म्हणजे 'तिच्या आजीने काय केलं असतं' म्हणाली तेव्हा. ती विचारत होती. आणि मी पीठ फेकलं.

मासे विकताना ताटात वाटे मांडले की सुरी खाली ठेवायची, गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. मला शिकवलेलं असं. सुरी कुणाच्या हातात होती ते मी विचारलंच नाही. नुसते वाटे बघितले आणि माशाला नावं ठेवली. खूण तिच्या अंगावरून पुसली त्यांनी, आणि आनंद झाला कुणाला? मला. कापड परत लावलं मी.

२७ सप्टेंबर

बैठकघरात सांगितलं. म्हटलं, पाय आमचेच आहेत. नक्कल केली ती मी माझ्याच नातीची केली. कुणी हसलं नाही. मुखिया प्यो म्हणाला, मग कापड उतरवू का? म्हटलं, हात लावून बघ. आणि तू ते गाणं दुसऱ्यांदा लावलंस ना, तेही माझ्या लक्षात आहे. तो कान खाजवत बाहेर गेला.

फोटोवाल्याला चौकट परत पाठवलीय. व्रण जागच्या जागी लाव, नाहीतर मी मरत नाही.

२९ सप्टेंबर

रविवार. फोन आला. तिकडे आकडे मोजणं चालू होतं.

मी म्हटलं, "बोरम, त्या मुलीला मी निरोप दिला होता ना, तो परत घेते. आता हा सांग. म्हणावं, मीठ घरात खूप आहे, पण ते कोबी खारवायला लागतं. डबा अजून ठेवलाय. घरी ये."

तिकडे दार लागलं, आकडे ऐकू येईनात.

मग म्हणाली, "आजी, ती ऐकतेय."