नोझलांच्या पूजेनंतरची वाटणी

गुरुवार, दिनांक २ ऑक्टोबर २०२५, दसरा, सकाळी साडेनऊ वाजता माझा पुतण्या हितेंद्र याने रावेरच्या केळी-पॅकिंगसाठी तयार ठेवलेल्या फवाऱ्याच्या प्रत्येक नोझलला, नेमके भोकावर, ओले कुंकू लावले. तोवर माझा कारखाना त्याच्या नावे होणार होता. म्हणून हा मृत्युपत्राचा कागद नव्याने लिहिते आहे.

मी हेमांगी गिरधर नारखेडे, वय ६९, राहणार जळगाव. शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणणारे थकून गेले. धुळ्याला नन्सच्या शाळेत शिकले, त्यामुळे अक्षर सुवाच्य आहे. वाचता आले नाही, ही सबब चालणार नाही.

१. राहते घर धाकटी बहीण सुमनबाई हिला, झोपाळ्यासह. आली की त्यावरून ती उठत नाहीच.

२. बँकेतील ठेव माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेला. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर उडवल्यास परत घ्यावी.

३. एमआयडीसीतील फवारे बनवण्याचा कारखाना. हा मी उभा केला. फवारा निवडताना पहिला प्रश्न एकच: थेंब पडायचा कुठे? फार बारीक केला तर वाऱ्याबरोबर छपराला जातो, फार मोठा केला तर फळावरून ओघळतो. रावेरच्या छगनआबांच्या केळ्यांवर औषध सारखे बसावे म्हणून मी सपाट, पंख्यासारखा फवारा ठरवला आणि पितळी नोझलची भोके त्या मापाने पाडून घेतली.

पूजेला माझी हरकत नाही. पण कुंकू कपाळाला लावतात, तोंडात कोंबत नाहीत. भोके बुजली. हितेंद्रने ती टाचणीने कोरली. पितळ मऊ; भोके वेडीवाकडी मोठी झाली. त्याने नोझल तशीच रावेरला बसवून दिली. चौथ्या दिवशी छगनआबांचा फोन आला.

"वं ताई, माह्या केयांले हयदीकुंकवाले बोलावलं का काय? अर्धी लाल, अर्धी वली!"

स्पीकर चालू होता. हितेंद्र माझ्यासमोरच म्हणाला, "आबा, काकूंचं आता वय झालं. डिझाइनच चुकलंय."

वय झाले हे खरे. डिझाइन चुकलेले नाही. कोरलेली सगळी नोझल मी रावेरहून परत मागवली आहेत. कोणीही भिंग लावून पाहावीत.

४. सबब कारखाना, यंत्रे आणि माझी सर्व रेखाटने मोनाली हिला, जी तिथे डिझाइन पाहते. मुलगी उद्धट आहे. मी काढलेला कोन पटला नाही की तोंडावर सांगते, "काकू, पुन्हा काढा." मी काढते. बहुधा तिचेच बरोबर असते. हितेंद्रला ऑफिसची फिरती खुर्ची.

५. कलम ४ रद्द करून कारखाना हितेंद्रला देण्यास मी अजून तयार आहे. अट एकच, ती खाली त्याच्या प्रतीवर आहे.

ठिकाण: जळगाव
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५
सही: हेमांगी गिरधर नारखेडे

आम्हा दोघांदेखत सही झाली:
१. छगन तोताराम महाजन, रावेर
२. यशोदाबाई भाईदास पाटील, जळगाव (शेजारीण)

प्रत: चि. हितेंद्र यास. नोझल कोणी बिघडवली, हे छगनआबांना स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी लिहून दे आणि त्याची प्रत ३० नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात दे. व्हॉट्सॲपवर आलेले जोडलेले हात उत्तर म्हणून धरले जाणार नाहीत.