सासूबाईंची भरकटलेली जाळी

२ सप्टेंबर

दुकानवाली म्हणाली, "ताई, यंदा वेण्या नकोत."

झालं! बारा वर्षं हिच्या दुकानाच्या काचेत माझे स्वेटर लागतायत. उभ्या वेण्या, दुहेरी वेण्या, एकमेकींत अडकलेल्या वेण्या — आणि आज म्हणे नकोत. तीस तारखेपर्यंत सहा नवे नमुने हवेत. वीतभर तुकडे चालतील, पण "कुणी कुठे पाहिले नसतील असे". नाहीतर हिवाळ्यात काच त्या मोठ्या कारखान्याला. त्यांची मशीनं म्हणे संगणकावर चालतात, बटण दाबलं की हरणं काय, बर्फ काय, हवं ते उमटतं. माझं मशीन हातानं ओढायचं. डोकंही हातानंच ओढायचं.

माझी काच! रस्त्यानं जाताना मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते मी तिच्याकडे. कुणी थांबून बघत असलं की उगीच चपलेचा पट्टा नीट करत रेंगाळते. ती गेली तर मी म्हणजे घरात खडखडाट करणारी एक बाई, बाकी काही नाही.

३ सप्टेंबर

स्फूर्ती शोधायला बाहेर पडले. दीड तास चालले. स्फूर्ती नाही मिळाली, चपलेचा पट्टा मात्र तुटला.

५ सप्टेंबर

स्फूर्ती कुठेही सापडते म्हणतात. ज्यांना सापडलेली असते तेच म्हणतात.

आज दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी पडले होते. छताला भोकाभोकांचे पत्रे. मोजायला लागले — चौदा भोकं, एक रिकामी ओळ, परत चौदा. "तोंड हलवू नका!" डॉक्टर तीनदा खेकसला, कारण मी ओठांनी टाके मोजत होते. घरी येऊन तेच विणलं. हुबेहूब चाळणी.

मग म्हटलं, कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण बघू. चांगलं आहे हो! मधे फूल, भोवती चौकटी. रस्त्यात उकिडवी बसून वहीत उतरवून घेतलं. एक सद्गृहस्थ थांबून म्हणाले, "काही पडलं का?" म्हटलं, "हो, अक्कल."

तुकडा सासूबाईंना दाखवला. त्यांनी बोटं फिरवली.

"हे काय?"

"गटाराचं झाकण, आई."

"मग गटारावरच ठेव."

६ सप्टेंबर

सासूबाईंविषयी लिहायलाच हवं, नाहीतर पुढे मीच वाचताना म्हणेन, या बाईचं एवढं काय मनावर घ्यायचं.

वय शहात्तर. विणकाम मला त्यांनीच शिकवलं. बावीस वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा मला फक्त बटण लावता येत होतं, तेही उलटं. त्यांची पद्धत एकच — ओळ संपली की अंगठ्यानं सगळे टाके मोजायचे. एक कमी भरला की "उसव!" एक जास्त भरला तरी "उसव!" लग्नाच्या वर्षी नवऱ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर मी सात वेळा उसवला. तो अंगात घालेपर्यंत त्याचं पोट दोन आकार पुढे गेलं होतं. कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून बावीस वर्षांत एकच वाक्य निघालं — "वाईट नाही." ते मी अजून पुरवून पुरवून वापरते.

मी आठ वर्षांपूर्वी मशीन घेतलं तेव्हा चार दिवस बोलल्या नाहीत.

नवऱ्याला विचारलं, तुला काही सुचतंय का? तो म्हणाला, "साधा राखाडी कर. सगळ्यांना चालतो." याच्याशी लग्न केलं मी. राखाडीशी.

८ सप्टेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुपारी सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत पेंगल्या होत्या. मांडीवर तो काळा मफलर, महिनाभर विणतायत. सुई पडू नये म्हणून उचलायला गेले आणि तशीच उभी राहिले. जाळी! पण सरळ खाली येणारी नाही. एक भोक इथे, मग तीन टाके सोडून पुढे, मग एकदम मागे, मधेच गायब, परत दुसऱ्या टोकाला उगवलेलं. आणि ओळीच्या शेवटाकडे कुठेतरी दोन टाके एकत्र घेतलेले, तिथे जरा जाडसर गाठ. सगळं भरकटलेलं, तरी कडा एकदम सरळ. टाके मोजले — चौसष्ट. प्रत्येक ओळीत चौसष्टच!

असलं काही मी जन्मात पाहिलं नाही. त्या जाग्या झाल्या तेव्हा मी मफलर हातात घेऊन बावळटासारखी उभी.

"आई, ही कुठली वीण?"

त्यांनी मफलर ओढून घेतला. त्यावर अंगठा फिरवत बसल्या, बराच वेळ. मला वाटलं, झालं, आता माझ्या हाताला घाम होता म्हणून बोलणी खाणार.

"अशीच," म्हणाल्या. मग, "तुला आवडली?"

"आवडली काय, वेड लागलंय!"

"मग घे."

उसव नाही, काही नाही. वय झालं की माणूस मऊ पडतं, दुसरं काय.

९ सप्टेंबर

दिवसभर चौकटीच्या कागदावर सासूबाईंची जाळी उतरवली, मग कार्डाला भोकं पाडून मशीनवर चढवली. कार्ड पुढे सरकेल तसं मशीन वीण उचलतं, पण हे कार्ड ओढताना मशीनही दोनदा अडखळलं. नवरा म्हणाला, "बिघडलंय का?" म्हटलं, "नाही, शिकतंय."

११ सप्टेंबर

दुकानवालीनं तुकडा उजेडात धरला. हिची जीभ कधी थांबत नाही, ती थांबली! मग म्हणाली, "ताई, हे कुणीतरी अंधारात काही शोधत चालल्यासारखं आहे. असे अजून पाच द्या, काच तुमची."

घरी येताना काचेकडे सरळ मान वळवून बघितलं.

सासूबाईंना सांगितलं. "पाच?" म्हणाल्या आणि दुसरा गुंडा मागितला.

१३ सप्टेंबर

सकाळी सासूबाई दारामागे खुंटीला टांगलेल्या नवऱ्याच्या कोटाला म्हणाल्या, "उभे का? बसा ना."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्याही हसल्या. कोट मात्र गंभीर होता.

हसून झाल्यावर नवरा म्हणाला, "आई, उद्या डोळे दाखवून येऊ."

१४ सप्टेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. पुरता पिकलाय. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "एवढे दिवस काय करत होतात? यांना गडद रंग तर दिसतच नसतील."

गडद रंग दिसत नाहीत.

मी मशीनसमोर जाऊन बसले. काळ्या लोकरीवर त्यांना टाका दिसत नाही. धागा नको तिथे सुईवर चढतो, भोक पडतं. ओळ संपत आली की अंगठ्यानं मोजतात, पासष्ट भरत असले की शेवटाकडे दोन एकत्र घेऊन चौसष्ट करतात. झाली जाळी! मी जिला प्रतिभा समजत होते तो मोतीबिंदू होता. आणि मी तो भोकं पाडून कार्डावर चढवला, दुकानवालीला विकला, वर काचेकडे मान वळवून बघितलं.

हसू येत होतं आणि स्वतःला एक थोबाडीत द्यावीशीही वाटत होती.

१५ सप्टेंबर

दवाखाना ऑपरेशनची तारीख फोनवर कळवणार आहे. नवऱ्यानं घरचा नंबर देऊन ठेवलाय. जाताना मला म्हणाला, "दवाखान्याच्या भरवशावर राहू नकोस, तूच लाव फोन."

नाही लावला.

दोन नमुने झालेत. चार बाकी. डोळे साफ झाले की सासूबाई परत सरळ विणायला लागणार — पहिल्यासारखं, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि सरळ वीण दुकानवालीला नकोय. आठवडाभर उशीर झाला तर काय आकाश कोसळतंय? पिकलेला मोतीबिंदू कुठे पळून जात नाही.

हे मी लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे.

१७ सप्टेंबर

आणखी एक पाप. सासूबाईंचा काळा गुंडा संपला. घरात पिवळाधमक होता, तो दिला. दोन इंच विणलं — सगळं सरळ! पिवळं त्यांना दिसतं ना! लगेच तो काढून घेतला आणि बाजारातून नवी काळी लोकर आणून हातात दिली.

"पिवळी का काढलीस?"

"पिवळी मळते, आई."

"हं," म्हणाल्या. "दे मग काळी."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "लागला का फोन?" मी सासूबाईंच्या देखत बिनदिक्कत सांगितलं — "किती वेळा लावला, लागतच नाही."

"लागेल गं," सासूबाई म्हणाल्या. "घाई काय आहे?"

नरकात जाणार मी. तिथे लोकरीचा काही उपयोग नसतो, हीच खरी शिक्षा.

१९ सप्टेंबर

तिसरा झाला. चौथ्यात त्यांनी एक टाका चक्क सहा ओळी खाली सोडला आणि नंतर वर उचलून घेतला. अप्रतिम! तोंडातून निघून गेलं, "वा!" आणि लगेच दात घासायला पळाले, दुपारी तीनला.

२० सप्टेंबर

फोन लागत नाही.

२२ सप्टेंबर

आज शहाणपण सुचलं. म्हटलं, चुकाच करायच्या आहेत ना, त्या मी करते! सासूबाईंना कशाला वेठीला धरायचं? काळी लोकर घेतली, डोळ्यांवर ओढणी बांधली, विणायला बसले. एक तास.

ओढणी काढून बघते तर सरळच्या सरळ! बोटांना सगळं पाठ. मग डोळे उघडे ठेवून मुद्दाम चुकले. इथे भोक, तिथे भोक. त्या चुका बघवत नाहीत. लाडात येऊन बोबडं बोलणाऱ्या मोठ्या माणसासारख्या दिसतात. सगळं उसवलं.

बावीस वर्षं त्यांनी मला चुकू दिलं नाही, आणि आता चुकताच येत नाही. याचा राग कुणावर काढायचा? नवऱ्यावर काढला. त्याला कारणही कळलं नाही, बिचारा राखाडी.

२४ सप्टेंबर

पाच झाले. दुकानवाली खूष. काचेचं माप घेऊन ठेवलंय म्हणे.

सासूबाई खिडकीत, नाकाला लोकर लावून विणतायत. मी जवळून जाताना म्हणाल्या, "किती झाले?"

"पाच."

"म्हणजे एक राहिला."

"हो. दमला असाल तर राहू दे हो, आई."

"मी कुठे दमलेय? तू दमलीस. तोंड बघ आरशात."

त्यांना माझं तोंड दिसत नाही. तरी.

२६ सप्टेंबर

सकाळी सासूबाईंनी स्वतःचा चहा ओतून घेतला. कपात नाही, हातावर. पांढरा कप, पांढरा ओटा, काही कळलंच नाही त्यांना. ओरडल्याही नाहीत. मी वळले तेव्हा हात नळाखाली धरून उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "तू तुझं काम कर."

मनगटापासून करंगळीपर्यंत लाल. मलम लावलं. मी हे केलंय. मोतीबिंदूनं नाही, चहानंही नाही — मी! एका काचेसाठी. त्या काचेत स्वेटर लागला तर मला त्यात काय दिसणार आहे आता?

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. पिवळी लोकर, न लावलेला फोन, सगळं. तो आत जाऊन आईचा हात बघून आला. मग म्हणाला, "उद्या सकाळी उघडल्या उघडल्या लाव." त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दुकानात दुपारीच जाऊन सांगून आले होते, सहावा मिळणार नाही. पाचांत काच देणार असशील तर दे, नाहीतर हरणं लाव. ती "अहो ताई, थांबा तरी" म्हणत राहिली, मी थांबले नाही.

२७ सप्टेंबर

फोन पहिल्या रिंगला लागला.

सासूबाईंचं नाव सांगितल्यावर पलीकडची बाई हसली. "आजींच्या घरून ना? अहो, सोळा तारखेलाच फोन करून तारीख दिली होती आम्ही. त्या स्वतःच पुढे ढकलतात. तीनदा झालं. काल दुपारीही त्यांचा फोन होता — सुनेचं एक राहिलंय, तेवढं झालं की येते म्हणाल्या."

उद्या सकाळी आठची वेळ घेतली.

खिडकीपाशी सुयांचा आवाज चालू आहे. भाजलेल्या हातानं विणतायत. मला जाऊन त्या सुया काढून घ्यायच्यात, आणि अजून इथेच बसलेय.