नकाशावर ठेवलेलं बोट

प्रिय अक्का,

उद्या काचवाला येतोय. आपल्या नकाशांच्या लायब्ररीतल्या त्या मोठ्या, जुन्या बंगळूरच्या नकाशावर काच बसवायला. विश्वस्तांनी विचारलं, "सुमतीबाई, नकाशांची दुरुस्ती तुम्हीच करता, काच बसवायची ना?" मी हो म्हणून बसले. मग वाटलं, तुला विचारायचं राहिलंच की! म्हणून लिहितेय.

तू गेल्यापासून मला काही होतच नाही गं. रडूही येत नाही. सगळे म्हणतात, धाकटी बहीण खंबीर आहे. कसली खंबीर! बोटांवर खळ वाळली की हाताला काही कळेनासं होतं ना, तशी झालेय मी.

किती चिडायचे मी तुझ्यावर! नकाशे अभ्यासकांसाठी असतात, असं माझं म्हणणं. आणि तू रस्त्यावरून दिसेल त्याला आत ओढायचीस. आयटीतली मुलं, फुलवाली, पीण्याच्या कारखान्यांतले फिटर. काय हवंय, असं कधी कुणाला विचारलं नाहीस. येलहंक्यावर बोट ठेवायचीस आणि म्हणायचीस, "हे आमचं घर. आता तुमचं दाखवा." झालं, माणूस अडकलाच! मग सगळ्यांची बोटं नकाशावर. माझं काम वाढवायची भारी हौस तुला.

तू गेलीस आणि कुणी येईनासं झालं. दार उघडं, पंखा चालू, मी एकटी. लोक नकाशासाठी यायचे की तुझ्यासाठी? हे तरी सांगून जायचंस.

काल मारतहळ्ळीहून एक मुलगी आली. मूळची पुण्याची, सासर कन्नड. सासूबाईंना घेऊन आली होती. "त्या अक्का आहेत का?" म्हटलं, त्या गेल्या. सासूबाईंना तिनं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "सरी, होगोणा," आणि चपला घालायला वळल्या.

मला काय झालं कुणास ठाऊक! मी येलहंक्यावर बोट ठेवलं. तुझ्या बोटानं तिथला कागद पार झिजलाय अक्का, खालचं कापड हाताला लागतं. बाकी सगळा नकाशा सांधला मी, तेवढं राहूनच गेलं. म्हटलं, "इदु नम्म मने. निम्म मने एल्लि?" तुझंच वाक्य, त्यांच्या भाषेत.

सासूबाईंनी चष्मा लावला. सुनेनं त्यांचं बोट धरून शोधलं. बोट थांबलं ते निळ्या रंगावर, भर तळ्यात!

"अय्यो! केरे!" त्या हसतच सुटल्या.

"तरीच आमच्या बेसमेंटमध्ये दरवर्षी पाणी भरतं!" सून म्हणाली. "रविवारी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना आणू?"

मी अजून बोट तिथेच ठेवून उभी होते. रडू तेव्हाही आलं नाही. पण बोटाला कापड लागतंय, एवढं कळत होतं.

हे पत्र संपवलं की काचवाल्याला येऊ नको म्हणून फोन करते. विश्वस्तांचं मी बघून घेईन. जिथे फाटेल तिथे सांधत बसेन, कुरकुर करेन, पण सांधेन. येलहंक्याला मात्र ठिगळ लावणार नाही. रविवारी दारात मी उभी राहीन, अक्का. तुझ्यासारखं बोलायला जमेलसं वाटत नाही. बोट तर ठेवता येतं.

तुझीच,
सुमी