बिनरंगाचा कामठा

आबा,

गेल्या आठवड्यात कळमनुरीच्या बाजारात टोपल्या विकणाऱ्या एकाशी बोलत उभी राहिले आणि कळलं, तो त्या म्हाताऱ्याचा नातू. रानडुकरांसाठी आपण ज्याच्याकडून तीरकामठा घेतला आणि ज्याला तुम्ही भर बाजारात लबाड म्हणालात, तो म्हातारा. नातू म्हणाला, "आज्यानं एकाएकी कामठे करायचं सोडलं, बाई. काहून, ते कदी सांगितलं न्हाई." घरी आले ती तुमच्यावर चिडूनच. त्या माणसाचं नाव मला धुऊन काढायचं आहे.

निजामाच्या अमलातली दिवाळीची सुट्टी. मी सिस्टरांच्या शाळेतून घरी आलेली, ज्वारीची कणसं भरलेली आणि डुकरं रोज एक पट्टा लोळवून जाणारी. बंदूक आपल्या आवाक्यातली नव्हती आणि परवाना तर त्याहून नव्हता. बाजारात तुम्ही आधी उचललात तो दुकानातला लाल रंगाचा, पितळी कड्यांचा कामठा. मी म्हणाले, "रंगाखाली किडीची भोकं असतील तर?"

"तुला शिस्टरांनी बांबूबी शिकवला व्हय?"

पलीकडे पोत्यावर बसलेला म्हातारा हसला. "लेकरू बराबर बोलून राहिलंय, पाटील. डुकराला रंग दिसत न्हाई." मग त्यानं आपला बिनरंगाचा कामठा गुडघ्यावर वाकवून दाखवला. दोन्ही अंगं सारखी वाकली पाहिजेत, पेरं जवळजवळ पाहिजेत, नखानं उकरलं तर भुगा निघता कामा नये. तुमचा हात लांब करायला लावून त्यानं एकेक कामठा त्याला लावून पाहिला, दोन बाजूला ठेवले, तिसरा दिला. लाल कामठ्याच्या निम्म्या किमतीत. वर बजावलं, "काम झालं की दोरी उतरवा. चढवलेली ऱ्हायली तर कांब थकती. मानसावानीच हाय."

तुम्ही रोज दोरी उतरवत होतात. मी पाहत होते.

पाचव्या दिवशी पहाटे डुक्कर आलं. तुमचा बाण त्याच्या अलीकडेच मातीत शिरला, ते उलटलं आणि तुमची पोटरी फाडून गेलं. पुढच्या बाजारी तुम्ही लंगडत गेलात, मला आधाराला घेऊन, आणि कामठा त्याच्यापुढे टाकलात. "कच्चा बांबू दिलास, लबाडा!" माणसं जमली. त्यानं कामठा वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.

"पाटील, दोरी उतरवत व्हता ना?"

"माझ्या हातानं उतरवली, रोज!"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आपलं पोतं गुंडाळलं आणि उठला. पुन्हा त्या बाजारात तो दिसला नाही.

आबा, इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट गिळता आलेली नाही. त्या पहाटे तुम्ही खुंटीवरून कामठा काढलात तेव्हा दोरी चढवलेलीच होती. तुमच्या हाताला ते कळलं नसेल? मग घरात का नाही विचारलंत? घरातलं एक माणूस झाकायला तुम्ही बाहेरच्या गरिबाचा बळी दिलात. दोन मुस्कटात मारल्या असत्यात तर मी विसरूनही गेले असते. तुमची ही माया मला अजून सलते.

त्या पहाटेच्या आदल्या दुपारी तुम्ही शेतात होतात. मी दोरी चढवून अंगणातल्या भोपळ्यावर नेम धरत बसले होते. आईनं हाक मारली आणि मी कामठा तसाच खुंटीला अडकवला. सिस्टर सांगायच्या, खोटं बोलणं हे पाप आणि गप्प बसणं हे त्याचं थोरलं भावंड. जन्मभर मुलींना मीही हेच शिकवलं, हातात पट्टी घेऊन.

उद्या बाजार आहे. टोपल्यांपुढे उभी राहून, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार आहे की बांबू पक्का होता, चूक पाटलाच्या पोरीची होती. तुमचंही नाव निघेल. निघू दे. हा कागद मात्र ट्रंकेतच राहील; तुम्ही आता आहात कुठे वाचायला.

एक लिहायचं टाळत होते. गेल्या बाजारी त्या नातवानं मला सरळच विचारलं होतं, "तुमाला काही ठाऊक हाय का, बाई?"

मी म्हणाले, "नाही रे बाबा."