खडकावरची दुसरी मोजणी

प्रिय चष्मिष,

सर गेल्याचं तू पेपरात वाचलं असशीलच. कोटातला तो जुनाच फोटो छापलाय, ज्यात ते चुकून भलत्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे दिसतात. जाणं मात्र शांत झालं. दुपारी जेवून खुर्चीत बसले, काकूंना म्हणाले, "जरा पडदा ओढ, ऊन डोळ्यांवर येतंय." त्या पडदा ओढून वळेपर्यंत सगळं संपलं होतं.

पेपरात त्यांचे पुरस्कार आले, त्यांनी शोधलेल्या समुद्री जीवांच्या जाती आल्या. शेवटची चार वर्षं आली नाहीत, म्हणून ती मी सांगते. निवृत्तीनंतरही ते रोज चहाला आपल्या संशोधन केंद्रावर यायचे. असेच एकदा बसलेले असताना खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं काढणाऱ्या बायका आल्या, टोपल्या रिकाम्याच घेऊन. तीन वर्षं खडक काढणीला बंद ठेवला, आता उघडला तर काढायला काही नाही, अशी त्यांची तक्रार. आमचे साहेब म्हणाले, "सरांच्या अहवालात तीनच वर्षं लिहिलीत." दुसऱ्या दिवशी ओहोटीला बघते तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, लोखंडी चौकट काखेत मारून सरांची स्वारी खडकावर! सत्तरी ओलांडलेला माणूस, पाय घसरला तर काय घ्या, म्हणून मी मागोमाग गेले. तेव्हापासून आमचा तोच क्रम झाला. चौकट ठेवायची, आतली कालवं मोजायची, मूठभर बरोबर आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. खोकला असला की काकू त्यांच्या चपला लपवून ठेवायच्या. मग ते अनवाणी यायचे.

एका सकाळी चहा पार गार झाला तरी त्यांनी डोळा वर केला नाही. मग हळूच म्हणाले, "दोन जाती आहेत गं." मी म्हटलं, "हो सर." "ती पोरगी हेच सांगत होती."

तू सांगितलेलं शब्द न् शब्द खरं निघालं. ती बारकी कालवं मोठ्यांची पिल्लं नव्हेतच; नखाएवढी होतात आणि तिथंच थांबतात. सरांनी ती पिल्लं म्हणून धरली आणि खडक तीन वर्षांत भरतो असं ठरवलं. सगळ्यांदेखत तुला "आधी डोळे तपासून घे" म्हणाले, आणि आठवड्याभरात तू गाशा गुंडाळून शाळेत शिकवायला निघून गेलीस.

त्यांनी बायकांना बोलावून घेतलं आणि उभं राहून सांगितलं, "मी चुकलो. खडक भरायला सात वर्षं लागतात. माझ्या विद्यार्थिनीनं हे वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं." त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "अहो सर, ती बारकी वाढत नाहीत हे आमच्या पोरीसोरींनाही ठाऊक आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत." सर ठसका लागेपर्यंत हसले. मग तिच्यासमोर वही उघडून बसले, ते भरती येईपर्यंत उठले नाहीत. पुढं त्यांनी छापलेली दुरुस्ती दोनच पानांची आहे, आणि पहिल्या ओळीत तुझं नाव आहे. तुला पाठवायला तीनदा पाकीट लिहिलं, तिन्ही वेळा फाडलं. म्हणायचे, "माफ कर म्हणायलाही तोंड लागतं."

रविवारी शोकसभा झाली. मला पाच मिनिटं बोलायचं होतं. सुरुवात सगळ्यांसारखीच केली, पण दुरुस्तीपाशी आले आणि पुढं खोटं बोलवेना. वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी, तुला झिडकारल्यावर, सरांनी मला विचारलं होतं, "तूही मोजलीस ना? तुला काय दिसलं?" माझा कागद खणात होता. त्यावर दोन जाती वेगळ्या मांडलेल्या, आकडे जवळपास तुझेच. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणाले, "नक्की नाही सांगता येणार, सर." आणि जाताना तू उलट मलाच समजावलंस, की कदाचित तुझीच घाई झाली असेल. मी एक शब्द बोलले असते तर सरांनी पुन्हा मोजलं असतं. हट्टी होते, पण दोघींना एकदम वेड्यात काढणारे नव्हते. चार वर्षं त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसून मोजलं, ते सगळा दोष एकट्याच्या अंगावर घेत राहिले, आणि मी घेऊ दिला. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. हे सगळं भरल्या सभागृहात सांगितलं. काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं. सभेला आपल्या वेळचे चार-पाच जण होते, आज ना उद्या कोणीतरी तुला फोन करेलच. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले. तो कागद सोबत जोडलाय. शाई फिकी झालीय, पण तारीख वाचता येते.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची