धमाका खाणारी वाळू

दिंद्रुड

प्रिय बंकट,

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि बबितानं तुझ्या कानाशी ओरडून सांगावं असं हे नाही. तुझ्या पोरीच्या आधी तुलाच कळायला हवं. म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हाती धरलंय. अक्षराला हसू नकोस.

आपले दिवस लई आठवतात रे. तेलगावपासून सिरसाळ्यापर्यंत किती विहिरींच्या खडकात आपण सुरुंग लावले! भोकात जिलेटीनच्या कांड्या भरून झाल्या की तू वर नदीची कोरडी वाळू ढिगानं ओतायला लावायचास. मी चेष्टा करायचो, सुरुंगाला गोधडी कशाला? तू म्हणायचास, "वाळू लई भुकेली असती बे, धमाका खाती." विहीरमालकही हसायचे, पण आपल्या सुरुंगानं कुणाच्या घराचा पत्रा कधी वाजला नाही.

परवा माझी नात स्वप्नाली पुण्याहून आली. ती प्रयोगशाळेत हेच करते. लांब नळीत हवेची जबर लाट सोडायची आणि वाटेत वाळूच्या कणांचा दाट ढग धरायचा. मोबाइलवर दाखवलं तिनं. लाट ढगावर आदळते, थोडी उलटी फिरते, बाकीची आत शिरते आणि एकेक कण ढकलता ढकलता दमते. पलीकडे निघते तेव्हा पहिला जोर उरलेला नसतो. मी तुझं वाक्य सांगितलं, तर पोरीनं ते वहीत उतरवून घेतलं. म्हणाली, आबा, मला या माणसाला भेटायचंय. मी ताट तसंच सारून उठलो.

सिरसाळ्याच्या त्या विहिरीपासून तू सगळ्यांना सांगत आलास, माझी वाळूच कुचकामी निघाली, म्हणून कान गेले. हातातला हुन्नर सोडून दिलास. मी शेजारी बसून मान डोलवत राहिलो. त्या दुपारी मला तेलगावच्या बाजाराची जीप गाठायची होती. वाळूच्या पाट्या चाळीस फूट खाली उतरवायचा कंटाळा आला. वात पेटवून वर आलो, तर तू विचारलंस, "वाळू टाकली का बे?" मी म्हणालो, "टाकली." त्या भरवशावर तू काठाजवळच्या बाभळीखाली थांबलास. मी मात्र लांब पळालो.

तुझी वाळू हरली नव्हती, बंकट. तिथं वाळू नव्हतीच. रविवारी स्वप्नालीला घेऊन येतोय. तिला सगळं नीट सांग, ती लिहून घेईल. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर ओट्यावर बसेन.

तुझाच,
त्रिंबक